डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप? काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटरच्या विक्री-दुरुस्तीच्या धंद्यात रोज जे प्रश्न कानावर पडतात, ते लोकांच्याच शब्दांत इथे उतरवले आहेत. भाव मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते महिन्याला बदलतात.

जास्त फाटे न फोडता सांगा, काय घेऊ?

तुमचं काम एका टेबलावर होतं की तुमच्याबरोबर फिरतं, एवढंच स्वतःला विचारा. होस्टेल, बदलीची नोकरी, गिऱ्हाइकाकडे जाऊन दाखवायचं काम, आठवड्यातले दोन दिवस ऑफिस आणि बाकीचे घर, असं असेल तर लॅपटॉप. दुकान, दवाखाना, सोसायटीचं ऑफिस किंवा घरात सगळ्यांना मिळून एक कॉम्प्युटर, असं असेल तर डेस्कटॉप.

अडचण अशी की लोक काम कुठे होतं ते सांगत नाहीत, ‘कधी गावाला गेलो तर न्यायला बरा’ हे सांगतात. मग तो लॅपटॉप गणपतीत एकदा गावाला जातो, तिथे रेंज नसते म्हणून बॅगेतच राहतो, आणि उरलेलं वर्ष डायनिंग टेबलावर चार्जरला बांधलेला असतो. अशा घरात डेस्कटॉप शोभला असता, पण तो दिसायला अवजड, म्हणून कोणी नाव काढत नाही.

दोन्हींत आय-५ आहे. मग फरक काय?

आय-५ हे इंटेलच्या प्रोसेसरचं, म्हणजे मशीनच्या मेंदूचं नाव. नाव एकच, आतला माल वेगळा. इंटेलच्या बाराव्या पिढीतलं उदाहरण घ्या. डेस्कटॉपमधल्या आय५-१२४०० मध्ये सहा मोठे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत आणि त्याची मूळ वीजमर्यादा ६५ वॅट. लॅपटॉपमधल्या आय५-१२३५यू मध्ये मोठे कोअर दोनच, जोडीला आठ छोटे, आणि मूळ मर्यादा १५ वॅट. नंतर इंटेलने नावं बदलून ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी केली, पण शेवटचं अक्षर अजून बोलतं. यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, एच म्हणजे दमदार पण तापणारा. दुकानदाराला पूर्ण नंबर विचारा. ‘आय-५ आहे’ हे उत्तर पुरेसं धरू नका.

वर्ड, टॅली, ब्राउझर, ऑनलाइन फॉर्म यांत हा फरक जाणवणारही नाही. जाणवतो तो लांबलेल्या कामात, म्हणजे लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना किंवा मोठं ड्रॉइंग उघडून दिवसभर बसल्यावर. सुरुवातीला थोडा वेळ लॅपटॉपही चांगला पळतो. मग तो तापतो, पंखा घोंघावायला लागतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. ग्राफिक्स कार्डातही तीच गत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० डेस्कटॉपमध्ये १२ जीबी मेमरीचं येतं, तर त्याच नावाचं लॅपटॉपमधलं ८ जीबीचं, आणि ताकदीनेही कमी.

म्हणजे त्याच ताकदीचा डेस्कटॉप स्वस्तच पडतो?

नुसत्या डब्याचा हिशेब केला तर हो. पण लॅपटॉपमध्ये स्क्रीन, कीबोर्ड, कॅमेरा, माइक, स्पीकर, वाय-फाय आणि बॅटरी आधीच बसवलेली असते. डेस्कटॉपच्या कोटेशनमध्ये मॉनिटर आहे का ते पाहा, मग वेबकॅम, स्पीकर आणि यूपीएस धरा. वाय-फायचं विशेषतः विचारा, कारण बऱ्याच साध्या मदरबोर्डवर ते नसतं. मशीन घरी नेल्यावर ‘नेटच लागत नाही’ म्हणून फोन येतो तो यामुळे. छोटा यूएसबी वाय-फाय डोंगल लावला की काम होतं, पण तो बिलात आधी धरलेला बरा. हे सगळं मिळवून साध्या कामाच्या मशीनमध्ये फरक थोडाच उरतो. काम जसजसं जड होत जातं, तसतसा तो डेस्कटॉपच्या बाजूने वाढत जातो.

आमच्याकडे लाईट फार जाते. मग लॅपटॉपच ना?

हा लॅपटॉपच्या बाजूचा सगळ्यात खरा मुद्दा. पण आधी यूपीएस आणि इन्व्हर्टर यांच्याबद्दलचा गोंधळ निस्तरू.

बाजारात मिळणारा साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो आणि आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. साधा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १०० वॅटच्या आसपास खातात. एवढ्या लोडवर नवी बॅटरी पंधरा-वीस मिनिटं काढते. तेवढा वेळ फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यासाठी आहे, काम रेटण्यासाठी नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका. त्यातला हीटर एकदम एवढा करंट ओढतो की यूपीएस कोकलतो आणि सगळंच बंद पडतं.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागची बाजू बघा. बऱ्याच इन्व्हर्टरला तिथे एक स्विच असतो, एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’. तो इकोवर असला तर लाईट गेल्यावर बदल व्हायला किंचित जास्त वेळ लागतो. पंखा-ट्यूबला ते कळत नाही, पण डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. ‘इन्व्हर्टर असूनही कॉम्प्युटर बंद पडतो’ ही तक्रार घेऊन आलेल्यांना आधी हा स्विच बघायला सांगावा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

आणि लॅपटॉपवाल्यांनी राउटर विसरू नये. लाईट गेली, लॅपटॉप पाच तास चालणार, पण राउटर पहिल्याच क्षणी मेला, तर मीटिंग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घरून काम करणाऱ्याने तो घ्यावाच.

सलग तीन-चार तास लाईट नसणं तुमच्याकडे नेहमीचं असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर मात्र लॅपटॉप घ्या. तिथे दुसरा विचारच नको.

विजेच्या बिलात किती फरक पडेल?

साधा हिशेब आहे. १०० वॅटचा डेस्कटॉप रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस चालला तर २० युनिट. लॅपटॉप त्याच कामाला २५-३० वॅट खातो, म्हणजे ५-६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर फरक महिन्याला दीडशेच्या आसपास. गेमिंग मशीनचा हिशेब वेगळा. ते घेणाऱ्याने हा प्रश्न विचारल्याचं ऐकिवात नाही.

मुलगी इंजिनिअरिंगला चालली आहे. गेमिंग लॅपटॉप घ्या म्हणतात.

कोण म्हणतंय? शेजारचा मुलगा म्हणत असेल तर थांबा. कॉम्प्युटर, आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्सला पहिली दोन वर्षं सी, पायथन, असाइनमेंट आणि प्रेझेंटेशन एवढंच असतं. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आणि हलकं वजन बघा. सव्वादोन किलोचा गेमिंग लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर आणि वर पाण्याची बाटली पाठीवर घेऊन पीएमटीने किंवा लोकलने रोज जायचं तिला आहे, तुम्हाला नाही. शिवाय त्याची बॅटरी लेक्चरमध्येच मान टाकते.

सिव्हिल, मेकॅनिकल, आर्किटेक्चर यांचं वेगळं. रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स ही त्यांची ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालतात, त्यामुळे या शाखांना मॅकबुक घेऊन देऊ नका, कितीही हट्ट झाला तरी. ग्राफिक्स कार्ड त्यांना लागतं, पण ते पहिल्याच महिन्यात लागेल असं नाही. प्रवेश पक्का होऊ द्या, कॉलेजात काय वापरतात ते सीनिअरना विचारू द्या, मग घ्या. निकालाच्या दिवशी पेढ्यांबरोबर लॅपटॉप आणायची घाई नको.

घरात शाळेतली दोन मुलं आहेत. त्यांना?

डेस्कटॉप, हॉलमध्ये, स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी ठेवून. लॅपटॉप दार लोटून आतल्या खोलीत जातो, डेस्कटॉप जात नाही. मुलं काय बघतात यावर लक्ष ठेवायला वेगळं ॲप घ्यावं लागत नाही. मोठी स्क्रीन लांबून दिसते, नाक स्क्रीनला चिकटत नाही. आणि हातून पडून फुटण्यासारखी वस्तू म्हणजे फक्त माउस.

टायपिंगची परीक्षा द्यायची आहे. लॅपटॉपवर सराव चालेल का?

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही कॉम्प्युटर टायपिंगची परीक्षा इन्स्टिट्यूटमधल्या डेस्कटॉपच्या मोठ्या कीबोर्डवर होते. लॅपटॉपच्या बटणांचा प्रवास कमी असतो, बोटांना वेगळीच सवय लागते आणि परीक्षेत चुका वाढतात. मिनिटाला ३० शब्दांची असो वा ४० शब्दांची, सराव त्याच धाटणीच्या कीबोर्डवर करा. लॅपटॉप आधीच घरात असेल तर साधा वायरचा यूएसबी कीबोर्ड जोडला की झालं. नवं मशीन घ्यायची गरज नाही.

टॅलीवाल्यांना आणि डीटीपीवाल्यांनाही हेच लागू. व्हाउचर मारणाऱ्याचा उजवा हात अंकांच्या बटणांवर असतो, आणि १४ इंची लॅपटॉपला बहुधा ती नसतातच. १५.६ इंचीला असली तरी अरुंद असतात, शून्याच्या जागी बाणाचं बटण दाबलं जातं. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या श्री-लिपी या मराठी फॉण्टच्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं पत्रिका आणि अहवाल लावणारा माणूस काही जोडाक्षरं अल्ट दाबून अंकांनी काढतो. त्याच्या हातात लॅपटॉप दिला तर तो दुसऱ्या दिवशी परत आणून देतो.

लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला लावलेला चालतो का?

चालतो. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. पण लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली तर लवकर म्हातारी होते. जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. एका जागी वापरणाऱ्याने ती लावून टाकावी.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. टचपॅड क्लिक व्हायचा बंद झाला, मधून किंचित वर आल्यासारखा वाटला, किंवा झाकण पूर्वीसारखं सपाट मिटत नसेल, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. लोक टचपॅड बिघडला समजून तो अंगठ्याने दाबत राहतात. तसं करू नका. मशीन बंद करा, चार्जर काढा आणि दुरुस्तीला न्या. फुगलेली बॅटरी घरी उचकटू नका, टोचली तर पेट घेते.

दुरुस्तीला कोणता सोपा?

डेस्कटॉप, आणि त्यात वादच नाही. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा गेला, तर एसएमपीएस बदला. रॅम सैल झाली, काढून परत बसवा. कीबोर्डवर चहा सांडला, नवा कीबोर्ड जोडा आणि कामाला लागा. तालुक्याच्या गावातही हे त्याच दिवशी होतं.

लॅपटॉपवर चहा सांडला तर गोष्ट मोठी होते. चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा, उलटं करून पाणी निथळू द्या आणि तसंच दुरुस्तीला आणा. ‘चालू होतंय का बघू’ म्हणून पुन्हा बटण दाबणं हेच मदरबोर्डला मारतं. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, उलट पोर्टमध्ये भुसा जातो. दुसरी नेहमीची तक्रार बिजागरीची. एका कोपऱ्याला धरून झाकण उघडायची सवय असली की आतले प्लास्टिकचे खुंट तुटतात आणि स्क्रीन उघडताना खालची पट्टी उचकटते. नेहमी मधोमध धरून उघडा. हलक्या लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही.

वॉरंटीत दोन गोष्टी विचारा. माणूस घरी येतो की मशीन सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं? सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी असेल तर दोन खेपा तुमच्या खिशातून जातात. आणि पडणं-सांडणं यात धरलंय का? साध्या वॉरंटीत ते नसतं, वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. लॅपटॉप बसमधून फिरणार असेल तर ते पैसे वाया जात नाहीत.

असेंबल करून घेऊ की कंपनीचा?

ओळखीचा माणूस असेल तर असेंबल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला उभं राहून एकेक भाग निवडता येतो, आणि प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी मिळते. त्यामुळे प्रत्येकाचं बिल जपून ठेवा. पैसे वाचवायचे तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांत वाचवा, एसएमपीएसमध्ये नको. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा हलका एसएमपीएस जाताना मदरबोर्डला बरोबर घेऊन जातो.

ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनमध्येच सगळं मशीन बसवलेला डेस्कटॉप, मला पटत नाही. आत बहुतेकदा लॅपटॉपचे भाग, पण उचलून नेता येत नाही, आणि स्क्रीन गेली की सगळं मशीन अडलं. जागेची अडचण असेल तर मिनी पीसी, म्हणजे अगदी छोट्या डब्याचा डेस्कटॉप बघा. तो मॉनिटरच्या मागे अडकवता येतो आणि वीजही कमी खातो.

आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असतं.

अकोला, नागपूर, चंद्रपूरकडच्यांनी हे विचारलंच पाहिजे. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी वापराचं तापमान १० ते ३५ डिग्री सांगतं, आणि बाकी कंपन्यांचे आकडेही जवळपास तेच. म्हणजे पंख्याखालच्या खोलीत दुपारी लॅपटॉप मर्यादेबाहेरच चालतो. डेस्कटॉपलाही ऊन लागतं, पण त्याच्या पोटात हवा खेळायला जागा असते. दुपारी जड काम करायचं असेल तर कूलरसमोर नको, बाष्प आत जातं. पहाटे करा. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका. खालच्या जाळ्या बुजल्या की उन्हाळा नसतानाही तो भाजतो.

धूळ वर्षातून एकदा ब्लोअरने काढा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. मोकळं सोडलं तर ते वाऱ्याने गरगर फिरतं आणि बेअरिंग जातं.

कोकणात आणि गोव्यात त्रास वेगळा. पावसाळाभर बंद घरात पडलेला डेस्कटॉप गणपतीत चालू केला तर तो बीप देतो आणि स्क्रीन काळी. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर दमट हवेने थर चढलेला असतो. प्लग काढून, रॅम बाहेर घेऊन, त्या पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने घासल्या की मशीन बऱ्याच वेळा उठतं. मशीन बंद घरात सोडून जाऊ नका, आणि वीज कडाडत असताना पॉवरबरोबर नेटची वायरही काढा. बोर्ड जळण्याचे कितीतरी प्रकार त्या वायरीतून येतात.

लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. मशीन खराब आहे का?

बहुधा मशीन ठीक आहे, घराचं अर्थिंग नाही. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवर चार्जिंग चालू असताना मनगट टेकलं की मुंग्या आल्यासारखं होतं, चार्जर काढला की थांबतं. चार्जरमधून विजेची किंचित गळती होते, ती जमिनीत जायला वाट नसते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमनला बोलवा. डेस्कटॉप घेतला तरी हे काम करून घ्यावंच लागेल.

जुना घेतला तर?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे विंडोज ११ चालेल असंच मशीन घ्या, म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असलेलं आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचं. ‘आय-७ आहे’ म्हणून चौथ्या पिढीचं मशीन गळ्यात मारणारे अजून आहेत.

कंपन्यांतून निघालेले छोटे डेस्कटॉप हा माझ्या मते सगळ्यात कमी जोखमीचा सौदा. त्यांत बॅटरी नाही, बिजागरी नाही. लॅपटॉप घेत असाल तर बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, प्रत्येक बटण उमटतं ना आणि चार्जर काढल्यावर किती वेळ चालतो, हे दुकानातच बसून बघा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, तेव्हा ‘८ जीबी घ्या, पुढे वाढवू’ असं ठरवण्याआधी त्या पुढच्या ८ जीबीचा भाव विचारा.

भाऊ अमेरिकेतून येतोय. त्याच्याकडून मागवू?

१८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम्स ड्युटीशिवाय आणता येतो. डेस्कटॉपला ती सवलत नाही. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे इथे फक्त पिन बदलावी लागते. वॉरंटी भारतात चालते का, हे त्याने तिथे पैसे भरण्याआधी कंपनीच्या साइटवर बघावं.

दुकानाच्या नावाने बिल घेतलं तर फायदा आहे?

दोन्हींवर जीएसटी १८ टक्के. जीएसटीची नोंदणी असेल तर फर्मच्या नावाने, नंबर घालून बिल घ्या, म्हणजे भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळेल. आयकरात कॉम्प्युटरचा घसारा ४० टक्के आहे. क्रेडिट घेतलं तर जीएसटीच्या रकमेवर घसारा मिळत नाही, ते तुमचे सीए बघतील.

लॅपटॉप घेतलाय, आता मान धरते.

मान खाली घालून आठ तास बसल्यावर धरणारच. एचडीएमआय केबलने २२-२४ इंची मॉनिटर जोडा, कीबोर्ड-माउस वेगळा लावा आणि मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. मॉनिटर घ्यायचा नसेल तर लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवा, पण मागच्या-खालच्या जाळ्या मोकळ्या ठेवून. कीबोर्ड मात्र तेव्हाही वेगळाच हवा. खरं तर काम थोडं फिरतं आणि थोडं बसतं अशांसाठी हीच मांडणी उत्तम, हलका लॅपटॉप आणि घरी एक मॉनिटर.

मग जुन्या डेस्कटॉपचं काय करू?

मॉनिटर चालू असेल तर देऊ नका, तोच लॅपटॉपला जोडा. जुन्याला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या धाटणीची जोडणी असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर मिळतो. हार्ड डिस्क काढून घ्या, बँकेची स्टेटमेंट आणि आधारच्या प्रती त्यातच असतात. नुसतं डिलीट करून त्या पुसल्या जात नाहीत. बाकीचा डबा भंगारवाल्याला किलोवर घालण्यापेक्षा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या.